माळ्यावरची आगगाडी

निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ मिळते, सहकाऱ्यांची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा उभा राहतो. माझेही तसेच झाले. पंधरा दिवस मी स्वयंपाकघरातील डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सोळाव्या दिवशी सौभाग्यवतींनी शांतपणे सांगितले, "अहो, माळ्यावर तुमची ती पत्र्याची ट्रंक आहे. ती तरी एकदा उघडून पाहा."

ट्रंकेत माझ्या तरुणपणातील छोटी आगगाडी होती. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक इंजिन, चार वाघिणी आणि गंजलेले रूळ. नोकरी लागली, लग्न झाले, बदल्या सुरू झाल्या आणि 'पुढे सवडीने पाहू' म्हणून बाजूला ठेवलेला हा छंद छत्तीस वर्षे तसाच राहिला.

परत आलो तेव्हा त्या जगाने बरीच वाटचाल केली होती. प्रमाण तेच, 'एच.ओ.', म्हणजे खऱ्या गाडीचा ८७ वा भाग. दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर. परंतु पूर्वी रुळांतील विजेचा दाब कमी-जास्त करून गाडी चालवावी लागे आणि एका वेळी एकच इंजिन हाकता येई. आता रुळांत वीज सदैव असते, प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चकती असते आणि आपला क्रमांक पुकारला की तेवढेच इंजिन हलते. कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून सर्वांसाठी खुले आहे. तेथे दोन दुपारी काढल्या. घरी डाग देण्याची कला भिंगाखाली पुन्हा गिरवली. हात पूर्वीसारखा स्थिर नाही. पण घाई उरलेली नसल्याने काम पूर्वीपेक्षा नीट होते.

मी डेक्कन क्वीन उभारीन, अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु लांब डब्यांना मोठी वळणे लागतात आणि माझ्याजवळ आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा एकच तक्ता होता. शिवाय मनात दुसरीच गाडी घर करून बसली होती. कन्या पिट्सबर्गला असते. तिच्याकडे गेलो असताना जावईबापूंनी आम्हाला पश्चिम व्हर्जिनियातील कॅस या गावी नेले होते. १९०१ साली कागद कारखान्यासाठी लाकूड पुरवणाऱ्या कंपनीने वसवलेले हे गाव. गावामागच्या डोंगरावरून स्प्रूसचे ओंडके खाली आणण्यासाठी घातलेली रेल्वे तेथे आजही आहे. गिरणी १९६० साली बंद पडली, राज्य सरकारने रेल्वे विकत घेतली आणि १९६३ पासून ती प्रवाशांना डोंगरावर नेते.

या मार्गावर काही ठिकाणी शंभर फुटांत अकरा फूट चढ आहे. आपल्या बोरघाटातील सर्वांत कठीण चढ ३७ फुटांत एक फूट, म्हणजे शंभरात तीन फुटांहूनही कमी. आणि तेथेही मागून जोड इंजिने लावावी लागतात. मग कॅसची गाडी चढते कशी? याचे उत्तर मिशिगनमधील लाकूड व्यापारी इफ्रेम शे यांनी शोधले. १८८१ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. नेहमीच्या इंजिनात दट्ट्याचा जोर काही मोठ्या चाकांनाच मिळतो. शे यांच्या इंजिनात उजव्या अंगाला उभे सिलिंडर असतात. ते बाजूने जाणारा एक लांब दांडा फिरवतात आणि त्यावरील दातेरी चक्रे प्रत्येक आसाला गती देतात. सर्व वजन ओढण्याच्या कामी येते, एकही चाक ओझे होऊन राहत नाही. उजवीकडील यंत्राचा तोल साधण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो, त्यामुळे समोरून पाहिले की इंजिन जरा वाकडे दिसते. वेग माणसाच्या धावण्याएवढा; आवाज मात्र एखाद्या एक्सप्रेसचा! अशी २,७०० हून अधिक इंजिने ओहायोतील लायमा येथे बनली. त्यांतील शेवटचे, १९४५ सालचे, १६२ टनांचे इंजिन कॅसलाच आहे. ते पाहताना साठी उलटलेला मी लहान मुलासारखा उभा होतो.

म्हणून माझ्या तक्त्यावर शे इंजिन आले. थर्मोकोलचा डोंगर झाला, चहाचा वाळवलेला चोथा जमिनीवर पसरला. ऐंशी फुटी स्प्रूस या प्रमाणात अकरा इंचांचा होतो. असे दोनशे वृक्ष तारा पिळून तयार केले. चार महिने लागले. हिरवेगार अरण्य आणि त्यातून धापा टाकत चढणारी गाडी. मी प्रसन्न होतो.

उन्हाळ्यात नऊ वर्षांची नात आली. तिने दोन फेऱ्या पाहिल्या आणि विचारले, "आजोबा, ही गाडी झाडे न्यायला आली ना? मग सगळी झाडे अजून इथेच कशी?"

मला उत्तर देता आले नाही. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लाकूड वाहणाऱ्या रेल्वेच्या दोन्ही बाजूंना झाडे नसत, बुडखे असत. एक दरी रिकामी झाली की रूळ उखडून पुढच्या दरीत टाकत. आपल्याकडे चालकुडीहून परंबिकुळमच्या सागवानी जंगलात जाणारा कोचीन संस्थानचा ट्रामवे होता. तोही १९६३ साली बंद झाला. जंगल सरले की अशा रेल्वेचे प्रयोजनच सरते. पश्चिम व्हर्जिनियाचे डोंगर असेच उघडे पडले, आगी लागल्या, माती वाहून गेली. १९०७ साली मोनोंगहेला नदीला महापूर आला, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. १९११ साली नद्यांच्या उगमाकडील वनजमिनी विकत घेण्याचा कायदा झाला आणि १९२० साली मोनोंगहेला राष्ट्रीय वन अस्तित्वात आले. मी कॅसला जे घनदाट रान पाहिले, ते बहुतांश त्यानंतर पुन्हा वाढलेले होते.

हे सारे मी वाचलेले होते, तरी तक्त्यावर बुडखे लावायला माझा हात धजावला नव्हता. त्याचे कारण पश्चिम व्हर्जिनियात नाही. माझी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली. रुंदीकरणासाठी दुतर्फा वडांच्या खोडांवर क्रमांक टाकायचे, यादी करायची आणि खाली सही करायची, हे काम मी कित्येक वेळा केले. रस्ते आवश्यक होते. त्यांवरून रुग्णवाहिका जातात, मुले शाळेत जातात. ते मी आजही नाकारणार नाही. परंतु त्या यादीतील झाडांकडे मी मान वर करून पाहिल्याचे मला आठवत नाही. आता ती सावली आठवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजोबा-नातीने अंगणातील वाळक्या काटक्या गोळा केल्या, त्यांचे पाव-अर्ध्या इंचाचे तुकडे केले आणि वरच्या कापावर फिकट रंग दिला. तक्त्याच्या एका भागातील सत्तर वृक्ष उपटले व तेथे बुडखे बसवले. मन थोडे दुखले. दुसऱ्या टोकाला, जेथून रूळ काढून नेल्याचे दाखवले आहे, तेथे नातीने बोटभर उंचीची हिरवी रोपे लावली. आता गाडी एका फेरीत तीन काळ पार करते: उभे रान, तुटलेले रान आणि पुन्हा उगवणारे रान. पाहुणे आले की बुडख्यांपाशी थबकतात आणि विचारतात, "हे काय?" मग मी इंजिन थांबवतो आणि सांगतो. वडांचेही सांगतो.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेलच. सतार असेल, रंगपेटी असेल, तिकिटांचा संग्रह असेल. ती अवश्य खाली काढा. निवृत्तीत छंद वेळ घालवण्यासाठी बरा, असे म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. नोकरीच्या धावपळीत ज्याकडे पाहायचे राहून गेले, त्याकडे पाहण्याची सवड या छंदाने मला दिली. पुढच्या उन्हाळ्यात नात पुन्हा येणार आहे. रोपांची उंची वाढवायची, असे तिने बजावले आहे. "वर्ष झाले ना आजोबा," ती दूरध्वनीवर म्हणाली, "मग झाडे वाढायला नकोत?" मी तारा आणून ठेवल्या आहेत.