नवी रिम, जुना सेन्सर

अमेरिकेत पिकअप ट्रक घेणाऱ्याचा निम्मा जीव रिममध्ये अडकलेला असतो. कंपनीच्या रिम उतरवायच्या, वीस इंची काळ्या अलॉय चढवायच्या, वर दणकट खाचांचे टायर. या हौसेपायी तो हजारो डॉलर सहज मोजतो. मग दुकानातला पोरगा विचारतो, "सेन्सर नवे टाकू की जुनेच काढून बसवू?" आणि इतका वेळ सैल असलेला हात नेमका तिथे आखडतो.

व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला असलेली ही एवढीशी डबी. तिच्यात हवेचा दाब मोजणारी चिप, तो आकडा रेडिओ लहरींवरून गाडीला कळवणारा ट्रान्समीटर आणि एक लिथियम सेल असतो. सेल आत सीलबंद असतो. तो संपला की अख्खा सेन्सर फेकायचा, ही रचनाच मुळात ग्राहकाच्या खिशावर टपलेली आहे. त्याचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. म्हणजे आठ वर्षं वापरलेल्या ट्रकचे सेन्सर नव्या रिममध्ये बसवले, तर टायर निम्मेही झिजायच्या आत पुन्हा चाक काढा, टायर उतरवा, बॅलन्सिंग करा. मजुरी दुसऱ्यांदा. उलट ट्रक दोन वर्षांचा असेल, तर नव्या सेन्सरचा आग्रह हा निव्वळ दुकानदाराचा धंदा. तिथे रबरी सील, नट, व्हॉल्व्हची पिन आणि टोपण बदललं की काम भागतं. पिन मात्र निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. सेन्सरच्या अॅल्युमिनियमच्या दांड्यात साधी पितळी पिन घातली, की मिशिगन-ओहायोकडच्या मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. पुढच्या खेपेला पिन फिरवायला जावं, तर दांडाच तुटून हातात येतो.

सेन्सर टाकूच नका, असं म्हणणारेही भेटतात. दुकानदार त्याला सहसा तयार होत नाही आणि त्यामागे कायदा आहे. फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोन टायर धावता धावता सोलपटून निघत होते, गाड्या उलटत होत्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्डने त्या गाडीला २६ पौंड हवा सांगितली होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी होती. त्या वादातूनच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'ट्रेड' कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासून भारासह १०,००० पौंडांपर्यंत वजनाच्या बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांना दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. चालू असलेली ही यंत्रणा दुकानदाराने जाणूनबुजून बंद पाडायची नाही. गाडी दुकानात आली तेव्हाच ती बंद असेल, तर त्याचा दोष नाही. म्हणून शहाणा दुकानदार पाना लावण्याआधी डॅशबोर्डवरचा दिवा बघून ठेवतो. गंमत म्हणजे, त्या १०,००० पौंडांपलीकडचे, सगळ्यात जास्त ओझं ओढणारे पिकअप या सक्तीतून सुटले आहेत.

पण खरी मेख वेगळीच आहे आणि ती काउंटरवर क्वचितच कुणी सांगतं. दिवा लागतो तो दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेल्या दाबाच्या पंचवीस टक्के खाली गेल्यावर. स्टिकरवर ३५ पौंड असेल, तर जेमतेम २६ला. पुन्हा तोच आकडा! आता त्याच ट्रकला जाड, दहा प्लायच्या ताकदीचे टायर बसवले आणि मागे ट्रेलर ओढायचा म्हणून ५० पौंड हवा भरली, तर ४०ला उतरली काय नि ३०ला काय, गाडी चकार शब्द काढत नाही. नवे कोरे सेन्सर टाकूनही. काही गाड्यांत ही मर्यादा बदलून घेता येते. नाहीतर खिशात साधा गेज ठेवणं आलं.

जुन्या गाड्यांत आणखी एक फसगत आहे. २००७-०८च्या सुमारास फोर्डच्या पिकअपमध्ये सेन्सर व्हॉल्व्हला नसायचा. रिमच्या खोलगट भागात पोलादी पट्टीने आवळलेला असायचा, तोही व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला. टायरवाल्याने सवयीने व्हॉल्व्ह सांभाळून मशीनचा दांडा पलीकडे दाबला, की आत खाडकन आवाज.

भारतात कायद्याचा रोख वेगळा राहिला. २०२० मध्ये केंद्राने साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि दाब सांगणारी यंत्रणा असेल तर स्टेपनीची सक्ती माफ केली. म्हणजे स्टेपनी नसलेल्या गाडीत रिम बदलताना सेन्सर गाळला, तर ज्याच्या भरवशावर ती माफी मिळाली तेच काढून ठेवल्यासारखं.

नवे सेन्सर घेतले, तर त्यांची गाडीला ओळख करून द्यावी लागते. फोर्डमध्ये पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून ओळीने फिरायचं, प्रत्येक चाकाला हॉर्न वाजतो. हिवाळ्याचा वेगळा चाकांचा संच ठेवणाऱ्याला हे वर्षातून दोनदा करावं लागतं. त्याने जुन्याच क्रमांकांची नक्कल उतरवलेले सेन्सर मागावेत. मग कोणताही संच चढवला तरी गाडीला तो आपलाच वाटतो.