दही लागते, पीठ फुगते

रात्री स्वयंपाकघरात दोन भांडी झाकून ठेवली जातात. एकात विरजण लावलेले दूध, दुसऱ्यात इडलीचे वाटलेले पीठ. सकाळी दोन्ही आंबट झालेली असतात. पण दही होते तेवढेच राहते आणि पीठ मात्र फुगून झाकणाला टेकते. काम दोन्हीकडे जीवाणूंचेच. मग हा फरक कशामुळे?

याचे उत्तर साखर फोडण्याच्या पद्धतीत आहे. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे 6 अणू असतात. दह्याचे जीवाणू त्याचे मधोमध दोन तुकडे करतात आणि दोन्ही तुकड्यांचे लॅक्टिक आम्ल बनते. वायू तयार होत नाही, म्हणून दही घट्ट लागते. दह्यात बुडबुडे दिसू लागले, तर विरजणात दुसरेच जीवाणू किंवा यीस्ट शिरले असे समजावे आणि विरजण बदलावे.

इडलीच्या पिठात मुख्यतः ‘ल्युकोनोस्टॉक’ जातीचे जीवाणू असतात. ते डाळ-तांदळाबरोबरच येतात, म्हणून वेगळे विरजण लागत नाही. साखरेचे मधोमध तुकडे करण्यासाठी जे विकर लागते, ते यांच्याजवळ नसते. त्यामुळे ते आडवाटेने जातात. आधी 6 पैकी एक कार्बन कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपात बाहेर टाकतात. उरलेल्या 5 कार्बनांचे 3 आणि 2 असे भाग होतात. मोठ्या भागाचे लॅक्टिक आम्ल होते, लहान भागाचे बहुधा अल्कोहोल. ते थोडेच असते आणि वाफवताना बरेचसे उडून जाते. उडदाच्या चिकटपणामुळे वायू अडकून राहतो आणि इडलीला जाळी पडते.

ही आडवाट जीवाणूंना महागात पडते. एका ग्लुकोजमागे दह्याच्या जीवाणूंना ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, 2 रेणू मिळतात, यांना एकच.

तिसरी वाट मात्र फायद्याची आहे आणि ती अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात चालते. तिथले बिफिडोबॅक्टेरियम 2 ग्लुकोजमागे 5 एटीपी मिळवतात. त्यातून ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ल तयार होते, वायू नाही. या आम्लांमुळे रोगजंतूंना आतड्यात बस्तान बसवणे कठीण जाते.

आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या या जीवाणूंचे अन्न आहेत. आई एकाच वेळी बाळाला आणि त्याच्या रक्षकांनाही भरवत असते. पहिले 6 महिने बाळाला फक्त आईचेच दूध द्यावे, वरचे पाणीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातली वडील मंडळी प्रेमाने मधाचे बोट पुढे करतात, तेव्हा त्यांना हे समजावून सांगावे. वर्षाच्या आतील बाळाला मध तर मुळीच देऊ नये.