घर आणि संसार : दगडी भिंतीचा धर्म

पश्चिम रेल्वेवर पालघर व बोईसर यांच्या दरम्यान उमरोळी हें लहानसें स्टेशन आहे. तेथें आमच्या एका आप्तांच्या घरीं गेल्या दिवाळींत जाण्याचा योग आला. घर जुनें, दगडी. भिंतींस ओल येते म्हणून दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं आंतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करविला; पण ओल कमी न होतां वाढली आणि गिलाव्याचे पोपडे सुटूं लागले. आतां घर पाडावें कीं राखावें, यावरून भावाभावांत वाद चालला होता.

दुसऱ्या दिवशीं त्या मंडळींसह आम्ही समुद्रकांठचा शिरगांवचा किल्ला पाहिला. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्याच मोहिमेंत तारापूरास बाजी भिवराव धारातीर्थीं पडले. तेव्हांपासून पावणेतीनशेंहून अधिक पावसाळे आणि खारा वारा सोसून ते दगड उभे आहेत. त्यांस जोडणारा आहे तो चुना!

दगडी भिंत जमिनींतील पाणी थोडेंफार शोषितेच. चुन्याच्या गिलाव्यास सूक्ष्म छिद्रें असल्यामुळें तें पाणी वाफ होऊन बाहेर पडतें. सिमेंट ही वाट अडवितें. ओल आंत कोंडते, क्षारांचे स्फटिक बनतात व तेच गिलावा लोटून देतात. इंग्लंडांतील खेड्यांतल्या दगडी घरांचा अनुभवही असाच आहे. विल्यम मॉरिस यांनीं १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ स्थापिलेली संस्था आजही अशा घरांस चुनाच सुचविते.

म्हणून प्रथम कौलें व पन्हळी नीट कराव्या. भिंतीलगत चढलेली माती उतरवावी. सिमेंट हलक्या हातानें काढून भिंत पुरती सुकूं द्यावी, आणि मगच जाणत्या गवंड्याकडून चुन्याचा गिलावा करवावा. तो एकदम वाळूं न देतां कांहीं दिवस ओलसर ठेवावा लागतो. घाई येथें उपयोगाची नाहीं.

आमच्या आप्तांनीं तूर्त माजघराचाच गिलावा काढून एक पावसाळा पाहण्याचें ठरविलें आहे. थोरल्यांनीं पाडण्याचा हट्ट सोडला, धाकट्यांनीं खर्चाचा वांटा उचलला. दगडांना धरून ठेवणारा चुना दगडांहून मऊच असतो. एकत्र कुटुंबाची भिंतही अशाच कोणाच्या तरी मऊपणावर उभी असते.