बडा घर, पोकळ वासा

सोलमधल्या त्या पंचतारांकित हॉटेलात दुसऱ्या रात्री तीन वाजता मी खुर्चीवर चढले आणि छताच्या लाकडी वाशावर बोटांनी टकटक केली. आवाज पोकळ आला. वासा नव्हताच तो. पातळ फळ्यांची लांबट पेटी होती, आणि तिच्या आत एसीचा डक्ट.

झोप मोडायचं कारणही तो डक्टच होता. जानेवारी महिना, बाहेर उणे दहा. छतातून गरम हवेचा झोत थेट तोंडावर येत होता. घसा कोरडा पडलेला, डोकं तापलेलं आणि पाय गार. गालिच्यावर पाय ठेवला तर तोही गार. उशाशी हानजीचा, म्हणजे तिथल्या तुतीच्या सालीपासून केलेल्या हातकागदाचा, दिवा मंद जळत होता. टेबलावरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की या खोलीत कोरियन परंपरा आणि आधुनिक डिझाइन यांचा संगम झाला आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सोलच्या दक्षिणेला पांग्योमध्ये आमचा क्लायंट आहे, म्हणून कंपनीने पाठवलं होतं. एका रात्रीचं भाडं माझ्या पुण्यातल्या फ्लॅटच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त होतं, आणि ते मी भरलेलं नव्हतं. तेव्हा हे पैसे वाया गेल्याचं रडगाणं नाही. नाश्ता उत्तम होता, माणसं अदबीची होती, खिडकीतून राजवाड्याची छपरं दिसत होती. माझं भांडण आहे ते त्या ‘संगम’ शब्दाशी. तो शब्द खोटा आहे, आणि तो फक्त सोलमध्ये खोटा पडत नाही.

कोरियन घर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. जुन्या घराला हानोक म्हणतात. आपल्याला फोटोत दिसतात ती त्याची वळणदार कौलं. पण त्या घराचं खरं डोकं जमिनीखाली आहे. स्वयंपाकघरात चूल पेटते. तिचा धूर आणि उष्णता वर न जाता खोलीच्या फरशीखालच्या बोगद्यांतून आडवी जाते आणि पलीकडच्या बाजूला असलेल्या धुराड्यातून बाहेर पडते. वर जाड दगडी लाद्या, त्यांवर मातीचा थर, त्यावर तेल पाजलेला कागद. भात शिजता शिजता जमीन तापते, आणि दगड रात्रभर ती ऊब सोडत राहतात. या रचनेला ओन्दोल म्हणतात. पाय गरम, डोकं थंड. इंधन एकदाच जाळायचं, कामं दोन करून घ्यायची.

जमीन गरम, म्हणून माणसं जमिनीवर बसतात. जमिनीवर बसतात, म्हणून चपला दाराबाहेर. जमिनीवर झोपतात, म्हणून सकाळी गादी घडी करून कपाटात जाते आणि तीच खोली दिवसा बैठकीची होते. जेवणाची टेबलं बुटकी, खिडक्या बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील अशा खाली. उन्हाळ्यासाठी मधोमध लाकडी फळ्यांची उघडी, हवेशीर ओसरी. एक निर्णय बदला, बाकीचे सगळे हलतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं ओन्दोलवर डिपेंडंट आहे.

त्यातही चुलीजवळची जागा सगळ्यात उबदार. तिला आरेतमोक म्हणतात. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आणि पाहुण्याची. रात्री उशिरा घरी येणाऱ्याचा भाताचा वाडगा तिथेच पांघरुणाखाली ठेवायचे, गरम राहावा म्हणून. पाहुण्याचं स्वागत म्हणजे त्याला त्या जागेवर बसवणं.

आता हॉटेलचा धंदा कशाचा? पाहुणचाराचा. म्हणजे कोरियन परंपरेतून एकच गोष्ट उचलायची असती, तर ती ही होती. माझ्या खोलीत वासे होते, हातकागद होता, भिंतीवर चंद्रासारख्या गोल पांढऱ्या रांजणाचं चित्र होतं. फक्त गरम जमीन नव्हती. गुबगुबीत गालिचा होता, आणि त्यावरून बूट घालून चालायची मुभा. मी रिसेप्शनवर विचारलं. उत्तर मिळालं की जमिनीवर झोपायची ‘ओन्दोल स्वीट’ वेगळी मिळते, तिचा दर वेगळा आहे. म्हणजे जे त्या देशात एकेकाळी गरिबाच्या झोपडीतही होतं, ते इथे चढ्या भावाचं अॅड-ऑन!

गंमत म्हणजे माझ्या खोलीत एक जमीन गरम होती. बाथरूमची. तिसऱ्या रात्री मी तिथेच भिंतीला टेकून, जमिनीवर बसून मेल वाचले. माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख आलिशान सुविधांच्या यादीत होता, परंपरेच्या पानावर नव्हता. त्यावरून फ्रँक लॉइड राइट आठवला. या अमेरिकन वास्तुरचनाकाराने आत्मचरित्रात लिहिलंय की जपानमध्ये एका कडाक्याच्या थंडीत यजमानाच्या घरातल्या ‘कोरियन खोलीत’ तो बसला आणि ती ऊब पाहून चकित झाला. मग टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात, जे १९२३ साली उघडलं, त्याने बाथरूमच्या फरशीखाली विजेची उष्णता खेळवली. पुढे अमेरिकेतल्या घरांत फरशीखाली नळ टाकले. त्याने कोरियन छप्पर उचललं नाही, कोरियन कागद उचलला नाही. त्याने त्या खोलीचं काम उचललं. शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला जे एका रात्रीत समजलं, ते सोलमधल्या सोलच्याच हॉटेलाला का समजू नये?

चौथ्या दिवशी टीममधल्या सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. पंचवीस मजली काँक्रीटचा ठोकळा, असे दहा ठोकळे शेजारी शेजारी, प्रत्येकावर मोठा आकडा रंगवलेला. बाहेरून परंपरेचा मागमूस नाही. दारात बूट काढले, मोज्यांनी आत पाऊल टाकलं आणि मी थांबलेच. जमीन गरम होती. सगळ्या घरभर. फरशीखालून गरम पाण्याचे नळ फिरतात, भिंतीवर बॉयलरचं छोटं बटण असतं. कोरियातली निम्म्याहून जास्त घरं आज अशा अपार्टमेंटमध्ये आहेत, आणि जमिनीखालची ऊब त्यांनी सोडलेली नाही.

सहकाऱ्याची आई दिवाणखान्यात बसली होती. मोठा लेदरचा सोफा होता, पण ती सोफ्यावर नव्हती. सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. मला पाहिल्यावर तिने शेजारची जमीन हाताने थोपटली आणि काहीतरी म्हणाली. मुलाने भाषांतर केलं, ‘इथे बस, इथे जास्त गरम आहे.’

संगम बघायचा असेल तर तो तिथे होता, त्या ठोकळ्याच्या अठराव्या मजल्यावर. आणि तो कुणा डिझायनरने एका बैठकीत घडवलेला नव्हता. मधल्या काळात लाकडाऐवजी कोळशाच्या भोकांच्या विटा जमिनीखाली जळायला लागल्या. फरशीला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरायचा आणि झोपलेली माणसं झोपेतच मरायची. कित्येक वर्षं हे चाललं. म्हणजे परंपरेत जीवघेणा बग होता. तिथल्या माणसांनी काय केलं? परंपरा फेकून दिली नाही, आणि जुनं ते सोनं म्हणत माणसंही मरू दिली नाहीत. जमीन गरम ठेवली, खालचा धूर काढून तिथे पाणी घातलं. इंटरफेस तोच, आतली अंमलबजावणी नवी. माझ्या धंद्यात याला चांगलं काम म्हणतात. हॉटेलने नेमकं उलटं केलं. आतलं सगळं काढून टाकलं आणि वर जुन्या घराची स्किन चढवली.

यावर लोक म्हणतात, पण अस्सल काय असतं? परंपरा बदलतेच ना? अगदी मान्य. बुकचोन नावाची हानोकांची वस्ती बघा, सोलला जाणारा प्रत्येक जण तिथे फोटो काढतो. ती घरं राजेरजवाड्यांच्या काळची वाटतात, पण त्यातली बरीचशी १९३०च्या आसपासची आहेत. जोंग से-ग्वोन नावाच्या बिल्डरने मोठमोठे जुने प्लॉट घेऊन त्यांचे तुकडे पाडले आणि मध्यमवर्गीय कोरियन कुटुंबांसाठी लहान लहान हानोक बांधले. जपानी सत्तेखाली शहरातली जागा हातची जात असताना! त्या घरांना काचेची दारं होती, पत्र्याच्या पन्हाळी होत्या. तेव्हाच्या शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली असतील तर नवल नाही. पण त्या घरांत माणसं राहणार होती, म्हणून ती घरं राहण्यासारखी केली. बदल कशासाठी झाला, हा माझा प्रश्न आहे. राहणाऱ्यासाठी, की बघणाऱ्यासाठी?

आज त्याच बुकचोनची काय अवस्था आहे? पर्यटकांच्या गर्दीने रहिवासी इतके जेरीला आले की तिथल्या मुख्य गल्ल्यांत संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना फिरायला मनाई करावी लागली. २०२५च्या मार्चपासून नियम मोडणाऱ्याला १ लाख वॉन दंड आहे. राहतं घर एकदा देखावा ठरलं की त्यात राहणारा माणूस अडचण ठरतो. हॉटेलने ही अडचण मुळातच सोडवली आहे. तिथे कुणी राहतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हॉटेलं नसती तर हातकागद कुणी विकत घेतला असता? सुतार, कुंभार जगतात ते या श्रीमंत गिऱ्हाइकांवरच. खरं आहे, आणि हॉटेलने दिवे जरूर विकत घ्यावेत. पण मग माहितीपुस्तिकेत इंटिरिअर डिझायनरचं नाव अख्ख्या पानावर आणि कागद लगद्यातून काढणाऱ्या माणसाचं नाव कुठेच नाही, असं का? कारागिराला जगवतोय म्हणायचं, तर आधी त्याचं नाव तरी छापा.

तिसरा आक्षेप माझ्या आईचा. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, ‘माझ्या गुडघ्यांना नाही जमायचं बाई जमिनीवर झोपायला.’ हेही खरं. मला पलंगाशी वैर नाही. पलंग ठेवा, त्याखालची जमीन गरम करा. ते तंत्र त्याच खोलीच्या बाथरूममध्ये आहे, दहा फुटांवर.

हे सगळं मला इतकं का झोंबलं, तेही सांगते. आजोळी वाईला न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. आजी पहाटे त्यात चिपाडं आणि शेंगांची टरफलं घालायची, आणि दहा माणसांच्या अंघोळी व्हायच्या. चुलत भाऊबहीण त्याच्याभोवती कोंडाळं करून हात शेकायचो. गेल्या वर्षी पुण्यात एका ‘वाडा संस्कृती’वाल्या हॉटेलात जेवायला गेले, तर दारात तसाच बंब लखलखीत घासून ठेवलेला. त्यात मनीप्लँट होता. शेजारी लोक सेल्फी काढत होते, मीही काढला. तेव्हा काही खटकलं नाही. सोलमधल्या त्या पोकळ वाशावर टकटक केल्यावर खटकलं.

बंब परत आणा, असं मी म्हणत नाही. आजीचे डोळे त्या धुराने गेले होते. मामाने गच्चीवर सोलर बसवला, तोच माझ्या मते बंबाचा खरा वारस. आजीने पहिल्या दिवशी नळाखाली हात धरला आणि म्हणाली, ‘पाणी कडकडीत आहे, झालं तर मग.’ तिला तांब्याशी घेणंदेणं नव्हतं. पोरांच्या अंघोळी व्हाव्यात, एवढंच हवं होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परंपरेच्या नावावर कुणी जादा पैसे मागितले, सोलमध्ये असो, पुण्यात असो की कोकणातल्या एखाद्या रिसॉर्टमध्ये, तर एक प्रश्न विचारा: ही वस्तू इथे काय काम करते? वासा छप्पर पेलतो का? बंब पाणी तापवतो का? ओसरीवर खरंच वारा येतो का? उत्तर ‘काही नाही, दिसायला छान आहे’ असं आलं तरी हरकत नाही. सजावट हा गुन्हा नाही. पण मग तिला सजावट म्हणा, आणि सजावटीचाच भाव लावा. त्या आईने मला जमीन थोपटून बसायला बोलावलं होतं, तिचा भाव लावू नका.

शेवटच्या सकाळी चेक-आउट करताना टॅबलेटवर अभिप्राय मागितला. पाच तारे, आणि खाली एक रिकामी चौकट. सेवेला मी पाच तारे दिले, ते खरेच होते. चौकटीत एकच ओळ लिहिली: ‘जमीन गार आहे.’