शेवाळातलं प्रोटीन आणि न फुटणारी भिंत

स्पिरुलिना आणि क्लोरेलाच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या दिसतात. 'प्रोटीन ६० टक्के, डाळीच्या अडीच पट!' हा आकडा ऐकून टाक्या बांधायचा विचार करणारेही आहेत. पण ते प्रोटीन पेशीच्या आत बंद आहे. ते बाहेर कसं काढायचं, यावर कुणी बोलत नाही. माझ्या मते सगळा धंदा तिथेच अडतो.

स्पिरुलिनाची भिंत नाजूक, म्हणून ती वाळवून तशीच खाल्ली तरी बऱ्यापैकी पचते. क्लोरेलाचं तसं नाही. पेशी जेमतेम काही मायक्रॉनची, पण कवच भलतं चिवट. न फोडता खाल्लं तर बरंचसं प्रोटीन वायाच जातं. सीताफळाची बी गिळल्यासारखं!

फोडायचे मार्ग आहेत: बारीक मण्यांच्या गिरणीत घुसळायचं, होमोजिनायझरमधून दाबाने ढकलायचं, एन्झाइम वापरायचे किंवा विजेचे झटके द्यायचे. होमोजिनायझर डेअरीतही असतो. पण दुधाला साधारण २०० बार दाब पुरतो. क्लोरेलाला त्याच्या कितीतरी पट लागतो, तोही अनेकदा दोन-तीन फेऱ्यांत. म्हणजे वीजबिल आलंच. त्यात माल तापतो, थंड ठेवला नाही तर प्रोटीन बिघडतं. अति फोडलं तर कवचाचा भुगा इतका बारीक होतो की प्रोटीन वेगळं करणं अवघड. विजेचे झटके सौम्य, पण नुसत्या त्यांनी प्रोटीन फारसं बाहेर येत नाही.

उघड्या टाकीत लिटरमागे जेमतेम ग्रॅमभर शेवाळ असतं. त्यामुळे आधी पाणी काढून घट्ट करायचं, मगच फोडायचं. नाहीतर आपण पैसे देऊन पाणीच घुसळतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अनुदान द्यायचंच तर नुसत्या टाक्यांना नको. तालुक्याला एक सामायिक प्रक्रिया केंद्र द्या, जिथे माल घट्ट करणं, फोडणं, थंड ठेवणं एकाच जागी होईल. आणि क्लोरेलाच्या डब्यावर पेशी फोडली आहे का, प्रोटीन किती पचतं, हे छापणं सक्तीचं करा. उद्या हीच पावडर अंगणवाडीतल्या पोरांना द्यायची म्हटली, तर डब्यावरच्या टक्क्यांनी त्यांचं वजन वाढणार नाही.

टाकी विकायला कुणी आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: फोडणार कुठे, आणि किलोमागे वीज किती लागणार?

तुमच्या भागात कुणी हे करतंय का? कमेंटमध्ये सांगा.