कोणतं इंग्रजी 'बरोबर'?



"मुलांना चांगलं इंग्रजी आलं पाहिजे," असं आपण सगळेच म्हणतो. पण चांगलं म्हणजे कुठलं इंग्रजी?

ब्रिटनमध्ये 'पँट्स' म्हणजे आत घालायचे कपडे, तर अमेरिकेत 'पँट्स' म्हणजे आपली फुलपँट. लंडनमध्ये 'फर्स्ट फ्लोअर'ला जायला जिना चढावा लागतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तळमजल्यालाच 'फर्स्ट फ्लोअर' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत चौकातल्या सिग्नलला 'रोबोट' म्हणतात. तिथला माणूस "जस्ट नाऊ येतो" म्हणाला, तर लगेच चहा टाकू नका! तो 'थोड्या वेळाने' येणार असतो. ऑस्ट्रेलियात शब्द तोडून लाडाने बोलायची सवय आहे. तिथे दुपारची 'आर्वो' होते, ब्रेकफास्टचा 'ब्रेकी' आणि मॉस्किटोची 'मॉझी'!

पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतला कॉकनी लोकांचा खेळ तर भन्नाटच. 'लुक' या शब्दाशी यमक जुळतं 'बुचर्स हुक'चं. मग यमकाचा 'हुक'च गाळून टाकायचा आणि म्हणायचं, "हॅव अ बुचर्स." म्हणजे 'जरा बघ तरी!' बाहेरच्या माणसाला काही कळू नये, यातच खरी गंमत.

हे सगळे इंग्रजीच बोलतात. त्यांना आपण अडाणी म्हणत नाही. मग आपल्या वर्गातलं एखादं मूल 'प्रीपोन' म्हणालं, की आपण लगेच लाल शाई का काढतो? भारतात रुळलेला हा शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. नोहा वेब्स्टरने 1828 साली अमेरिकन शब्दकोश काढला आणि त्यात 'कलर'मधला 'यू' गाळला. ब्रिटनमध्ये जी चूक, तीच अमेरिकेत शुद्ध ठरली.

याचा अर्थ 'काहीही लिहा, चालतंय' असा नाही. परीक्षेत आणि अर्जात प्रमाण इंग्रजीच हवं, स्पेलिंगही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पद्धतीचं हवं. ते शिकवणं आपलं कामच आहे. पण "हे चूक आहे" आणि "हे इथे चालत नाही" या दोन वाक्यांत फार फरक आहे. पहिलं वाक्य वारंवार ऐकलं, की मूल तोंडच उघडत नाही. दुसरं ऐकलं, तर विचारतं, "मग कुठे चालतं?" तिथून खरं शिकणं सुरू होतं.

एक सोपा उपक्रम करून बघा. फळ्यावर ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत असे चार रकाने आखा. एका वस्तूला कुठे काय म्हणतात, ते मुलांना शोधू द्या. बिस्किट, लिफ्ट, चप्पल... सुरुवातीला एवढं पुरे. पालकांनीही घरी उच्चारावरून हसणं थांबवावं. जगभरची माणसं इंग्रजीशी खेळतात. आपल्या मुलांनाही थोडं खेळू द्या ना!