सॅलडाचा लाल्या

यवतमाळच्या एका वाचकाने या आठवड्यात गच्चीवर पाइपात, मातीविना वाढवलेल्या लेट्यूसचा फोटो पाठवला. खाली एकच प्रश्न: कोणतं बुरशीनाशक मारू? विचारायच्या आधीच कृषी केंद्रातून दोन पुड्या आणि वर एक ‘टॉनिक’ घरी आलंही होतं. टॉनिकवर मी काय काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ असेल, म्हणून सोडतो. काउंटरवर पान बघण्याआधीच औषध ठरतं, हा माझा जुना संशय आहे; पुरावा मागू नका.

फोटोत बाहेरची मोठी पानं हिरवीगार. गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा तेवढ्या तपकिरी, करपलेल्या. पानामागे पांढरी बुरशी नाही, शिरांमध्ये पिवळे चट्टे नाहीत. हा टिपबर्न, म्हणजे कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम न पोचल्याने कडा करपणं. यात रोगजंतू नाहीच, मग मारायचं कोणाला?

कपाशीच्या जिल्ह्यात हे कळायला खरं तर वेळ लागू नये. लाल्या आठवा. ऐन बोंडं भरताना खालची पानं कडेकडेने लाल पडू लागतात आणि ‘वावरात लाल्या आला’ म्हणत कास्तकार पंप पाठीवर घेतो. तुडतुड्यांनी लाल झालेलं पान वेगळं. एरवी लाल्या ही विकृती. मॅग्नेशियम कमी पडतं, बोंडं नत्र ओढून घेतात, त्यात रात्री गार होतात. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून लाली खालून चढते. कॅल्शियम एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून लेट्यूस गाभ्यातून जळतो. पान कुठून बिघडलं एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं. तेच कोणी पाहत नाही.

पुढे मात्र वाटा फुटतात. कपाशीला दहा लिटर पाण्यात 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारलं की लाली पसरायची थांबते. लेट्यूसच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट बहुधा असतंच, आणखी ओतून उपयोग नाही. पानातून पाणी उडालं तरच कॅल्शियम वर चढतं, आणि मिटलेल्या गाभ्यातून ते उडत नाही. तेव्हा इथे औषध म्हणजे एक साधा टेबल फॅन. द्रावणाचा ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं मोजमाप, 1.2 च्या आसपास उतरवा, दुपारी शेडनेट ओढा. करपलेली पानं सुधारणार नाहीत, खुडून टाका. बाहेरची खुशाल खा.

2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. एवढं होऊनही आपला पहिला प्रश्न ‘काय मारू’ हाच, आणि आता तोही आठवड्याभरात कच्च्या खायच्या पानासाठी!

पुड्या परत घेतील का, हे दुकानदाराला विचारा. टॉनिक परत घेणार नाहीत. आणि मे महिन्यात लेट्यूससाठी मला फोन नको. यवतमाळच्या उन्हात तो तुरेच काढणार. तेव्हा राजगिरा पेरा.

– माळीबुवा